कारखान्यातलं गाऱ्हाणं

देवाला माझ्या मामाइतकं कामाला लावणारा माणूस अख्ख्या कुडाळ तालुक्यात दुसरा नाही. देवळात एकाने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. मामाला देऊळ लागत नाही. एसटी उशिरा आली, की थांब्यावरच गाऱ्हाणं. जावयाचा फोन लागेना, की अंगणात गाऱ्हाणं. एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्या बसल्या त्याने असं गाऱ्हाणं घातलं, की बाहेर बाकावरचे पेशंटही 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि डॉक्टर चिमटा हातात घेऊनच बाहेर बघायला आला. मामी म्हणते, "ह्येंचो आवाज आयकलो की देव कानात कापूस घालता."

हा मामा काजूच्या कारखान्यात बॉयलरवर कंत्राटाने होता. तिथला सुपरवायझर बिया फोडणाऱ्या बायकांना नको नको ते बोलायचा, त्यांच्या अंगावरून, घरावरून. त्यांतल्याच सुनंदाच्या एकटीच्या कमाईवर तिचं घर चालतं. तिने एक दिवस "नीट बोला" एवढंच म्हटलं, तर उद्यापासून येऊ नकोस म्हणून त्याने तिला फाटकाबाहेर काढलं. मग आमच्या कामगार संघटनेतर्फे मी पत्रकं छापून वाटली: नुसत्या तोंडी हुकमावर, चौकशी न करता कामगाराला काढता येत नाही. असल्या घाणेरड्या बोलण्याची तक्रार ऐकायला कारखान्यात समिती असावीच लागते. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. सुनंदाने धीर करून तक्रार केली. जिल्ह्याच्या कचेरीतून, ओरोसहून, कामगार अधिकारी आले, आणि सगळ्या बायका खाली मान घालून गप्प. सुपरवायझर शेजारीच उभा होता ना. अधिकारी घाटावरचे, इकडच्या रीतीभातींना नवे. ते बिचारे कागद आवरू लागले.

तेव्हा मामाने चपला काढल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हय जो काय बायकांका वंगाळ बोलणा चलता, ता तुका ठावक आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बायकांच्या तोंडून निघून गेलं.

"आणि सुनंदाक इचारल्याशिवाय घराक धाडल्यान, ता चुकीचा झाला रे म्हाराजा."

या वेळचा 'व्हय म्हाराजा' छपराला लागला, आणि त्यात एक जाडा पुरुषी आवाजही होता. तो सुपरवायझरचा. तोही इकडचाच, वेंगुर्ल्याचा. जन्मभराची सवय त्याची. डोळे मिटून, हात जोडून उभा. "तुम्हीसुद्धा हो म्हणालात?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्याने घाईघाईने जोडलेले हात सोडले. मग त्याला बाहेर बसवून त्यांनी एकेकीचा जबाब घेतला. आता बोलायचं थांबायला कोणी तयार नव्हती.

सुनंदा परत कामावर लागली. समितीही झाली. मामाचं कंत्राट मात्र मालकाने पुढे चालवलं नाही. त्याचीही तक्रार आम्ही केली आहे, आणि निकाल लागेपर्यंत मी ती सोडणार नाही. मामाला त्याचं काहीच नाही. "तिचा काम रवला मा," एवढंच म्हणतो. पण सकाळी भोंगा झाला, की तो अंगात कामावरचा शर्ट घालून घराच्या पायरीवर येतो. कामाला निघालेल्या बायका त्याला हात करतात, आणि त्या वळणाआड गेल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा असतो.