माझं कडवं सरिता म्हणाली

यंदा चर्चमध्ये आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती पेटली तेव्हा सगळी मंडळी प्रार्थनेला वाकली. मी डोळे उघडे ठेवून सरिताकडे पाहत होते. कॉयरमध्ये, गाणाऱ्यांच्या रांगेत, ती माझ्या जागी उभी होती.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. बोलायला गेलं की नुसती फुसफूस निघते. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, आत्ता सांगता येत नाही. नाताळच्या उपासनेत मधलं कडवं एकटीनं म्हणायचा मान लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले तेव्हापासून माझा होता. पाळकसाहेबांनी तो सरिताला दिला. नवऱ्याच्या बदलीमुळे ती नुकतीच इथं आलेली, माझ्याहून कितीतरी लहान.

मत्सर कसा असतो ते मला तेव्हा कळलं. ती भर थंडीत आइस्क्रीम खाते, याचाही मला राग यायचा. प्रभूच्या येण्यासाठी अंतःकरण तयार करा, असं दर रविवारी ऐकायचे आणि घरी भाजी चिरताना तिचा सूर कुठं घसरला ते आठवत बसायचे. प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचं म्हटलं की ओठ मिटायचे. एकदा इतवाऱ्याच्या बाजारात तिनं मला गाठलं.

"काकू, ते वरचं मला जमूनच नाही राहिलं. डर वाटते. थोडं सांगाल का?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि पुढं निघाले. हातानं खुणा करून तरी दाखवता आलं असतं, पण तिला माझं निमित्त खरंच वाटलं असणार.

तिसऱ्या रविवारी बायबलमधल्या जखऱ्याचा पाठ होता. म्हातारपणी मुलगा होईल, या देवदूताच्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला नाही, आणि मूल जन्मेपर्यंत तो मुका झाला. ऐकता ऐकता मला त्या जखऱ्याचाही हेवा वाटला. देवा, त्याच्या मुकेपणाला शेवट तरी होता. त्याच्या घरी पाळणा हलणार होता. माझ्याकडे काय येणार आहे?

उपासनेनंतर सराव सुरू झाला. यजमानांसाठी थांबायचं म्हणून मी मागच्या बाकावर बसून राहिले. वरच्या सुरावर सरिताचा दम तुटला. पुन्हा तुटला. पेटी थांबली. मला आतून बरं वाटलं, हे लपवत नाही. तिनं रडवेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझा हात उचलला गेला. मी ठरवलं नव्हतं. तळवा पोटावर ठेवून मी श्वास खाली, अगदी खाली भरून दाखवला. तिनं तसंच केलं. तिसऱ्या खेपेला सूर लागला, तसा मोकळा सूर मला कधी लागला नव्हता.

"काकू, असंच ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी मला थांबवता आलं नाही. तो हात कुणी उचलला, यावर मी वाद घालत नाही. माझ्या मनात तेव्हा चांगलं काही नव्हतं, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

नाताळच्या सकाळी ती गायली. मी पहिल्या बाकावर बसून तिच्याबरोबर श्वास घेत होते. नंतर बायका तिच्याभोवती जमल्या, तेव्हा पुन्हा टोचलं. आवाज अजून आलेला नाही. पण देवाचे आभार मानते. मी मन झाडूनपुसून स्वच्छ करेन, मग तू ये, असं प्रभूला सांगत बसले होते. तो तेवढा थांबला नाही. पसाऱ्यातच आला.