पडवीतलं इस्तंबूल

मुलाने दुबईहून फोन केला. "अब्बा, या वर्षी तुम्ही दोघं कुठंतरी फिरून या. सगळा खर्च माझा." मी एका दमात चार ठिकाणं सांगितली. सिंगापूर, मलेशिया, श्रीलंका, नाहीतर आपलं केरळ काय वाईट आहे? बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच नाव सांगितलं. इस्तंबूल.

नेमकं तेच नाव मला नको होतं.

कारण सांगतो. मी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात काढली. आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मुसलमान वाड्यांत घरटी एक माणूस जहाजावर नाहीतर आखातात. असा माणूस सुट्टीवर आला की त्याच दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, त्याच्या पडवीत वाडी जमते. बॅग सगळ्यांसमोर उघडायची, साबण-अत्तर-चॉकलेटं वाटायची आणि मग सांगायचं. कुठं गेलास, काय बघितलंस. गप्प बसलं तर लोक म्हणणार, चार पैसे मिळाले आणि शिंगं फुटली.

पहिल्या फेरीहून आलो तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. इंजिनवाला माणूस जहाजाच्या पोटात राहतो. बंदर लागलं की डेकवाले आंघोळ करून गावात जातात, आणि आम्ही नेमकी त्याच वेळी बंद झालेल्या इंजिनाची दुरुस्ती काढतो. इस्तंबूलला तर जहाज थांबायचंसुद्धा नाही. गाव मध्ये चिरून गेलेल्या त्या पाण्यातून आम्ही पुढे काळ्या समुद्रात जायचो, आणि अरुंद पाण्यात इंजिनवाल्याने जागा सोडायची नाही असा नियम. एकदाच साहेबाने दया येऊन मला दहा मिनिटं वर सोडलं. हातात तेलाचं फडकं तसंच होतं. मिनार दिसले, एका किनाऱ्यावरची अजान संपायच्या आत दुसऱ्या किनाऱ्यावरची सुरू झाली, आणि खालून बोलावणं आलं. माझं इस्तंबूल एवढंच.

पण पडवीत समोर आई बसलेली. तिला काय सांगू? की खाली इतकं तापतं की मिठाच्या गोळ्या गिळून उभं राहावं लागतं, आणि कानात तो आवाज घरी आल्यावरही पंधरा दिवस वाजतो? तिने मला परत जाऊच दिलं नसतं, आणि घरात दुसरा कमावता नव्हता. म्हणून डेकवाल्यांनी मला सांगितलेलं मी माझं म्हणून सांगितलं. मोठ्या मशिदीत नमाज पढलो. मग उताराने खाली आलो, डाव्या हाताला समुद्र. तिथं एका म्हाताऱ्याचं ओढण्यांचं दुकान. त्याने मला स्टुलावर बसवून चहा पाजला आणि ही निळी ओढणी स्वस्तात दिली. ओढणी खरी होती. दुसऱ्याच एका बंदरात जहाजावर चढलेल्या फेरीवाल्याकडून घेतलेली. ती मी नव्या नवरीच्या, म्हणजे हिच्या, हातात दिली आणि वाडीने माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ चाळीस वर्षं झाकलेली राहिली. आता मी एकाहत्तरचा, ती सदुसष्टची.

मी वयाचा आधार घेतला. म्हणालो, तिथं चढ-उतार फार, तुझे गुडघे बघ. ती म्हणाली, "आपली पाखाडी रोज कोण चढतं? तुमी की मी?" आमच्या घराकडे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट येते, तिलाच पाखाडी म्हणतात, आणि ती रोज मीच टाळतो हे खरं. मी म्हणालो, थंडी सोसणार नाही. तिने मुलाकडून गरम कपडे मागवले. मी म्हणालो, तुला शुगर, जेवणाच्या वेळा चुकतील. ती डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून घेऊन आली. वर प्रवास कंपनीच्या मुलीला फोन करून विचारलं, की खोली खालच्या मजल्यावर मिळेल का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, विमानतळावर चाकाची खुर्ची कुठून मिळते. जन्मात रत्नागिरीबाहेर एकटी न गेलेली बाई असे प्रश्न विचारत होती की मला अभिमानही वाटत होता आणि घामही फुटत होता.

शेवटी मी म्हणालो, "चाळीस वर्षं झाली, ते दुकान बंद झालं असेल."

"झालं असूं दे," ती म्हणाली. "जागा तर असंल."

निघायच्या आधी तिने कपाटातून ती निळी ओढणी काढली, उन्हात दिली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

म्हाताऱ्यांचाच ग्रुप होता, बाराजण. व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. बस दाराशी यायची, दर दीड तासाने स्वच्छतागृहाला थांबायची, आणि गाइड पोरगी प्रत्येकाला विचारायची, पाणी प्यालात का, गोळी घेतलीत का. तरी पहिल्या दिवसापासून मी धड जेवलो नाही. कारण बायको ग्रुपमधल्या बायकांना सांगत होती, "आमच्या ह्यांना हे गाव पाठ हाय." मग ते सगळे मला विचारायचे. हे कुठलं बांधकाम, तो पूल कधीचा. मी दाढी कुरवाळत म्हणायचो, बरंच बदललंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदुपारचं ऊन पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मोठी मशीद झाली. ती आत रडली. मी शेजारी उभा राहून, अल्लाच्या या घरात तरी खोटं बोलायची वेळ येऊ देऊ नकोस, एवढंच मागितलं. बाहेर आल्यावर गाइडने सांगितलं, दोन तास मोकळे, एक वाजता इथंच जेवण, लांब जाऊ नका. बायकोने निळी ओढणी डोक्यावर घेतली.

"चला," ती म्हणाली. "आता उतार."

मी म्हणालो, अर्ध्या तासात परतू, कशाला ओझं, आणि तिची पिशवी बसमध्येच ठेवायला लावली. त्या पिशवीत ग्लुकोजची बिस्किटं आणि फळांच्या रसाचं खोकं होतं. ही चूक माझी, आणि ती मी का केली हेही मला ठाऊक आहे. हात मोकळे असले तर ती भराभर चालेल, दोन गल्ल्या होतील, दमेल आणि हा विषय संपेल, असा माझा हिशोब.

पण ती दमायला तयार नव्हती. माझ्याच गोष्टीवरून ती मला वाट दाखवत होती. "मशिदीतनं निघालं की उतार. हा बगा उतार. डाव्या हाताला समुद्र." समुद्र उजव्या हाताला आला. "मग आपन चुकलो," ती म्हणाली, आणि आम्ही परत चढलो. दगडी फरसबंदी, गुळगुळीत झालेली. मी तिचा हात धरला होता आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी म्हणत होतो, ही नव्हे, पुढची. का म्हणत होतो? ज्या दुकानाला पत्ताच नाही ते पुढच्या गल्लीत कसं असेल? तरी म्हणत होतो. पाऊण वाजला, एक वाजला. मला परतीचा रस्ता आठवेना. जगभर फिरलेला खलाशी मशिदीपासून दहा मिनिटांवर हरवला होता, आणि हे तिला सांगायची त्याची छाती होत नव्हती.

एका वळणावर ती थांबली. "मना कसंतरी होतंय," म्हणाली. कपाळावर घामाचे थेंब, आणि हात हातात घेतला तर गार. तिने पुढे काहीतरी म्हटलं, पण जीभ जड झाली होती. सकाळची गोळी पोटात, जेवणाची वेळ टळलेली. मी पिशवीसाठी खांदा चाचपला. पिशवी बसमध्ये.

ती पायरीवर बसली, बसली कसली, माझ्या अंगावर कलंडली. मी इंजिनात स्फोट व्हायची वेळ आलेली पाहिली आहे. तेव्हा भीती वाटली नव्हती, कारण काय करायचं ते माहीत होतं. इथं मी फक्त ओरडलो. आधी मराठीत, मग हिंदीत. "शक्कर! शक्कर!"

समोरच्या दुकानातून एक म्हातारा धावत आला. मोज्यांचं आणि रुमालांचं दुकान होतं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, आत गेला आणि चहाचा छोटा पेला आणि बशीभर साखरेचे खडे घेऊन आला. एक खडा त्याने माझ्या हातात दिला. मी तो चहात विरघळवून चमच्याने तिच्या ओठांना लावला. गिळला. दुसरा. तिसरा. म्हाताऱ्याने स्टूल आणलं. मी मनात एकच म्हणत होतो, हिला नेऊ नकोस, मी आयुष्यात परत तोंड उघडणार नाही.

दहा मिनिटांनी तिच्या डोळ्यांत ओळख आली. म्हाताऱ्याने दुसरा पेला भरून तिच्या हातात दिला. ती हळूहळू इकडेतिकडे बघू लागली. स्टूल. चहा. दुकानात लटकणारे रुमाल. गल्ली खाली उतरत होती आणि तिच्या टोकाला, डाव्या हाताला, समुद्राचा निळा तुकडा दिसत होता. तिचा चेहरा उजळला.

"हेच ना?" ती म्हणाली. "हेच दुकान. हा त्या म्हाताऱ्याचा पोरगा असंल."

सगळं जुळत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मूठ झाकलेली राहिली असती, आणि ती बिचारी खूश होऊन घरी आली असती. पण तिचा गार हात अजून माझ्या हातात होता. त्या दुकानापायी तो गार झाला होता.

"नाही," मी म्हणालो. "हे नाही आणि दुसरंही कुठलं नाही. मी या गावात पहिल्यांदाच उतरलोय."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. फेरीवाला, ओढणी, अरुंद पाणी, ती दहा मिनिटं, मिठाच्या गोळ्या. म्हातारा बाजूला उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, तिला धीर देतोय.

"मग तुमी कुठं होता?" तिने विचारलं.

"खाली. इंजिनात."

"सगळे दिवस?"

"जवळजवळ सगळे."

मला वाटलं ती म्हणेल, वाडीत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. तिने पेला बशीत ठेवला, नीट, आवाज न करता.

"तुमची आई दोन वर्षं अंथरुनात होती," ती म्हणाली. "तुमी जहाजावर. तिला कुशीवर वळवताना माजी कंबर गेली. रोज सकाळी तिचं घान काढताना मी तुमाला शिव्या घालायचे. म्हनायचे, मी हितं मरतंय, आनी हा तिकडं स्टुलावर बसून चहा पितोय. काय काय निघालंय माज्या तोंडातनं, तुमाला ठाव नाय. ती ऐकायची. एक दिवस रडली."

त्या दोन वर्षांत माझी पत्रं जायची. बागा, मिनार, कबुतरं. तिला बरं वाटावं म्हणून मी लिहायचो.

"खरं सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर निदान तुमच्याशी भांडले नसते. दोन वर्षं फुकट भांडले मी. तुमी नसताना."

मग ती रडली, आणि मीही रडलो. त्या म्हाताऱ्याने आमच्यासाठी आणखी चहा आणला आणि हातवारे करून आमचा फोन मागितला. मी गाइडचा नंबर लावून दिला, त्याने तिला पत्ता सांगितला. गाइड पोरगी टॅक्सी घेऊन आली. तिने मला जे सुनावलं ते मी मुकाट्याने ऐकलं. म्हातारा निघताना पैसे घेईना.

दुसऱ्या दिवशी ग्रुप बोटीतून फिरायला गेला, त्याच पाण्यातून. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. सगळे वर डेकवर फोटो काढत होते. ती म्हणाली, "इंजिन कुठं असतं?" मी जिन्याखाली दाखवलं. ती पायरी पायरीने उतरली. एक लोखंडी दार होतं, बंद, आतून धडधड ऐकू येत होती. तिने दारावर तळहात ठेवला.

"केवढं तापलंय," ती म्हणाली. "तुमचं इतकंच तापायचं?"

"जास्त."

तिने हात काढला नाही. वर लोक मिनार बघत होते. आम्ही दोघं बराच वेळ त्या दाराशी उभे होतो.

परत आलो त्या संध्याकाळी पडवीत वाडी जमली. बॅग उघडली, मिठाई वाटली. शेजारच्या चाचीने विचारलंच, "मग, सापडलं का गं ते दुकान?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घसा खाकरला.

"दुकान नव्हतंच," बायको म्हणाली. "मशीद बगितली, बाजार बगितला. आनी ह्यांचं इंजिन बगितलं." मग तिने पदर सावरला आणि सांगायला लागली, की खाली किती तापतं, आणि मिठाच्या गोळ्या कशा खाव्या लागतात. मी खांबाला टेकून ऐकत राहिलो.