रबराच्या मळ्यात काढलेले बूट

निघालो होतो सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसला, मामाकडे जेवायला. गाडी धरली उलट्या दिशेची. माझं असंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जहाजाच्या इंजिनरूममध्ये पुसापुशीच्या कामाला नवाच लागलो होतो. सिंगापूरला एक दिवस सुट्टी मिळाली. जहाजावरच्या आमच्या जोशीसाहेबांनी दम भरला, "परतीची पाचची लाँच चुकली तर जहाज थांबणार नाही. आणि शोअर पास हरवलास तर इथल्या पोलिसांना तूच तोंड दे!" म्हणून तो पास, म्हणजे खलाशाचा किनाऱ्यावर उतरायचा परवाना, डाव्या बुटात, तळव्याखाली ठेवला. माझ्या खिशांवर माझा भरवसा नाही.

उतरलो भलत्याच टोकाला, बुकित बातोकला. हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, रोटी प्राटा खाल्ला, आपल्या पराठ्याचाच भाऊ. डाळीत बुडवून, झकास, स्वस्त. प्राटेवाल्याला विचारलं, इथे बघायला काय?

"जुना रबराचा मळा. पाडणार आहेत. कोणी जात नाही, लाह." तिकडे वाक्याच्या शेवटी असं 'लाह' लावतात.

"का?"

"जाऊन बघ ना!"

झालं, मामा राहिला बाजूला. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे वीस मिनिटं लाल मातीची वाट. पाणी जवळ असू द्यावं, मी नेलं नव्हतं. झाडांच्या सालीवर तिरप्या चिरा, माशाच्या काट्यासारख्या. उन्हात रबराची बोंडं फट्‌कन फुटायची आणि दर वेळी मी मागे वळून बघायचो.

बंगला माणसाएवढ्या विटांच्या खांबांवर उभा. खालून वारा खेळावा म्हणून. छताशी लाकडी जाळी, भोवती रुंद व्हरांडा. शेजारी रबर सुकवायचं धुरानं काळं पडलेलं घर. बंगल्याला दारच उरलं नव्हतं, तरी पायरीशी बूट काढले. परक्या घरात बुटांनी जायचं नाही, हे आईनं लहानपणीच अंगात भिनवलेलं.

आत चाललो, तर फळ्यांखालीही कोणीतरी चाललं. थांबलो. तेही थांबलं. पुन्हा एक पाऊल टाकलं. खालीही एक.

धावत बाहेर आलो. बूट गायब! साडेतीन वाजलेले. पास गेला, जहाज गेलं, आता तुरुंग.

तेवढ्यात खांबांमधून एक म्हातारा तमिळ रखवालदार वाकून बाहेर आला. हातात माझे बूट.

"कुत्री पळवतात," तो म्हणाला. दोघांचं इंग्रजी मोडकंच, पण कळलं. तरुणपणी तो याच मळ्यात चीक काढायचा. "आम्ही पायरीशी जोडे काढून खालीच उभं राहायचं. वर कोणी जायचं नाही. एकदा एकाला मळ्याच्या साहेबानं वर बोलावलं. खाली आलेला कोणी पाहिला नाही. जोडे संध्याकाळपर्यंत इथंच."

"मग?"

"मग मीच उचलले. आज त्याच पायरीवर बूट दिसले आणि वर अनवाणी पावलं वाजली. वाटलं, तोच आला. म्हणून खालून पावलाला पाऊल लावत चाललो."

बूट घालताना पास चाचपला. होता. लाँच मिळाली, दोन मिनिटं राखून.

तो मळा आता शोधू नका. तिथे फ्लॅट उभे राहिले असतील. काही महिन्यांनी घरी परतलो, आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बूट काढलेस ना, बरं केलंस." सवय अजून आहे. फक्त कुणाच्या दाराबाहेर एकच जोड दिसला, की आतून माणसाचा आवाज येईपर्यंत मी पायरीवरच थांबतो.