पाटा इकडे, वरवंटा राहुरीला

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी मी. त्यामुळे लोकांचं ऐकून कसं घ्यायचं हे शिकायला मी मुंबईला निघाले, तेव्हा वडील नुसते हसले. आई म्हणाली, जे शिकवणार आहेत त्यांची मला काळजी वाटते.

दोन वर्षांनी नगरला परत आले ती डोक्यात नियम भरून. समोरचा माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे तो मोकळा होतो. आणि स्वतःबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही. मला एका दवाखान्यात नोकरी मिळाली. दर गुरुवारी त्यांच्याच पारनेरच्या शाखेत जाऊन बसायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरांनी मला एक खोली दिली आणि दारावर 'समुपदेशन' अशी पाटी लावली. तो शब्द तिथे कुणीच ऐकलेला नव्हता. शिपायाने त्यातल्या त्यात सोपा अर्थ काढला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, आत उपदेश करणाऱ्या बाई बसतात. घरी उपदेशाचा तुटवडा कुणालाच नव्हता. तीन गुरुवार मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत काढले.

चौथ्या गुरुवारी डॉक्टरांनी एका मावशींना माझ्याकडे पाठवलं. पन्नाशीच्या असतील. दुष्काळ चालू होता आणि त्या सडकेच्या कामावर खडी फोडायला जायच्या. गुरुवारी कामाला सुट्टी. छाती धडधडायची, घास गिळवत नव्हता. डॉक्टरांना तपासून काहीच सापडलं नव्हतं.

"छातीत लई धडधडतंय बघा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला छातीत फार धडधडतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "कशात जीव लागत न्हाई."

"कशातच जीव लागत नाही तुमचा."

"व्हय. मी तेच म्हनले."

असा अर्धा तास गेला. मला वाटलं, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. दुपारी डॉक्टर हसत हसत आत आले. जाताना मावशींनी त्यांच्याकडे माझी चौकशी केली होती. ही पोरगी कधीपासून अशी आहे, ऐकायला कमी येतं का, सगळं दोनदा का म्हणते? डॉक्टरही कमी नव्हते. त्यांनी सांगून टाकलं की बाई नवीन आहेत, दिवसभर एकट्या बसतात, तुम्ही येत जा, तेवढीच सोबत. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मावशी मात्र पुढच्या गुरुवारी वेळेवर हजर झाल्या.

त्यानंतर त्या दर गुरुवारी यायच्या. मी त्यांना त्यांचीच वाक्यं परत द्यायची आणि त्या माझी समजूत काढायच्या. लग्न जमेल, घाबरू नका. सासर जवळचं बघा. एकदा त्यांनी माझ्यासाठी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणला. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली मिरचीचं अख्खं बी आलं आणि मी सगळे नियम विसरले.

"मावशी, मिरची नीट वाटली नाही तुम्ही."

"वाटायची कशानं? पाटा माझ्याकडं हाय, वरवंटा तिच्याकडं."

ती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. पंचवीस वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या. मागच्या उन्हाळ्यात धाकट्या दिराला राहुरीकडे साखर कारखान्यावर काम मिळालं आणि ते बिऱ्हाड निघालं. भांडी बांधताना सासूच्या पाट्यावरून दोघींची जुंपली. टेम्पोवाला घाई करत होता. जावेच्या हाताला वरवंटा लागला, तो तिने उचलला आणि मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. धडधड त्याच आठवड्यात सुरू झाली होती.

"म्हणजे तुम्हाला..." मी सुरुवात केली आणि पहिल्यांदाच वाक्य गिळलं.

मग त्यांनीच मला विचारलं, तुमचं कोन हाय असं? आणि मी, जिने स्वतःबद्दल बोलायचं नव्हतं, त्यांना सगळं सांगून बसले. वसतिगृहातली मैत्रीण, एका फालतू गोष्टीवरून झालेलं भांडण, तीन महिने उत्तराविना पडलेलं तिचं पत्र.

"कागद टाक की मग," मावशी अहोजाहो विसरल्या. "हात झिजत्यात का तुझे?"

"तुम्ही टाकला का?"

त्या बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिल्या. घालायच्या, उलगडायच्या, परत घालायच्या. शेवटी म्हणाल्या, "मला लिवाया येत न्हाई."

"मला येतं."

शिपायाला पाठवून कार्ड आणलं. मजकूर मावशींनी सांगितला. विहीर आटली, म्हैस चाराछावणीत हाय, थोरल्या पोराला खोकला हुता, आता बरा हाय. मी सुचवलं, तुमची आठवण येते असं घालू या का? त्यांना ते पटलं नाही. असलं काही आमच्यात लिहीत नाहीत म्हणाल्या. थोडा विचार करून शेवटची ओळ सांगितली, "लिव, मिरची दगडानं ठेचते म्हनावं."

तिसऱ्या आठवड्यात दोघी माझ्या दारात उभ्या. जाऊ अंगाने मावशींच्या निम्मी आणि आवाजाने दुप्पट. वरवंटा पिशवीत घालून ती एसटीने आली होती. टपावर टाकला तर कुणाच्या तरी डोक्यात पडेल म्हणून सगळा रस्ता पायाशी धरून बसली होती. तिने मला सांगितलं, मी आल्यापासून ही रडतीया. मावशी म्हणाल्या, मिरचीचा ठसका हाय. यावर दोघी पुन्हा भांडल्या. अर्धा तास मी एक अक्षर बोलले नाही आणि मला बोलावंसंही वाटलं नाही.

जाऊ दोन दिवस राहून परत गेली. वरवंटा मावशींकडेच राहिला. धडधड पुरती थांबली असं काही झालं नाही. मावशींचं येणं मात्र थांबलं. मीही त्याच आठवड्यात मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिलं. तिचं उत्तर कधी आलं नाही.

महिन्याभराने मावशींच्याच गावची एक तरुण सून आली. मावशींनी निरोप दिला होता की आता दोन भाकरी जातात. ती स्वतः कशासाठी आली, हे तिला सांगता येत नव्हतं. मी टेबल भिंतीकडे सरकवलं, तिच्या शेजारी बाकावर बसले आणि आधी विचारलं, चहा घेणार का.