दारामागची तारीख

साठच्या दशकात अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी आणि माझा एक सहकारी दुधात उतरलेलं डीडीटी मोजायचो. साहेब त्याची वही कौतुकानं वाचायचे, माझ्या वहीवर नुसती सही करायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो दूध आणायला तेल्हाऱ्याला गेला, त्या दिवशी मलेरियावाले डासांसाठी प्रयोगशाळेतल्या त्याच्या खोलीत डीडीटी फवारून गेले. मी पाहिलं आणि गप्प बसलो.

मग महिनाभर त्याच्या प्रत्येक बाटलीत डीडीटी निघालं. ताडून पाहायला ठेवलेल्या नुसत्या पाण्यातसुद्धा. शेवटी त्याला दारामागे गेरूनं लिहिलेली फवारणीची तारीख दिसली. महिन्याची मेहनत त्यानं फाडून टाकली आणि मला म्हणाला, “तू त्या दिवशी सुटीवर असशीन. नाई तं मले सांगतलंच असतं तुनं.”