लेनचा शेवटचा डबा

एनिड एकहर्स्टच्या बनॉफीला कुणी नावं ठेवलेली मी सव्वीस वर्षांत ऐकली नाहीत. ती मात्र सगळ्या गावाच्या बनॉफीला ठेवते. "बिस्किटांचा चुरा थापायचा आणि त्याला बनॉफी म्हणायचं! आळशी कुठल्या." तिची पारी मैद्याची आणि लोण्याची, आधी कोरडी भाजलेली. त्यात टॉफी, वर केळ्याचे काप, त्यावर चिमूटभर कॉफी घालून फेटलेलं क्रीम. पदार्थ इंग्लंडमधल्या आमच्या ससेक्सचाच, त्यामुळे बाहेरच्यांचा शहाणपणा तिला खपत नाही. मी बाहेरचीच, पण शेजारीण. मला ती खाऊही घालते आणि सुनावतेही.

पण टॉफी तिची नव्हतीच. ती तिच्या नवऱ्याची, लेनची. लेन पोस्टमन होता. आटवलेल्या गोड दुधाच्या बंद डब्यावरचा कागद सोलायचा आणि न उघडता तो डबा आतल्या दुधाची टॉफी होईपर्यंत तासन् तास पाण्यात उकळायचा, हे काम त्याचं. पाणी आटून डबा उघडा पडला तर फुटतो. एक्क्याऐंशी साली फुटला होता, स्वयंपाकघराच्या छतावरचा डाग रंगाखालून अजून दिसतो. तेव्हापासून पातेलं चढलं की एनिड बागेत जायची आणि लेन स्टुलावर बसून, रेडिओवर क्रिकेट ऐकत, किटलीतून पाणी घालत राहायचा.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात लेन गेला. फळीवर कागद सोललेला एक डबा निघाला. एनिडने तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून सगळ्यात वर ठेवला. लेनची शेवटची टॉफी. स्वतः ती दुकानातली तयार टॉफी वापरू लागली. कुणाला फरक कळला नाही, याचाही तिला राग. "जिभा आहेत की चपलांचे तळवे?"

या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडहून लेनच्या बहिणीचा, मॅविसचा फोन आला. वय चौऱ्याऐंशी. "येतेय. आता परत काही विमानात बसणं होणार नाही. लेनसारखी बनॉफी करशील ना?"

"सारखी कशाला? त्याच्याच हातची देते," एनिड बोलून गेली.

मॅविस रविवारी यायची होती. शनिवारी सकाळी एनिड फडक्यातला डबा घेऊन माझ्या दारात उभी. "शैला, तूच उघड बाई. माझा हात धजत नाही."

मी डबा उलटा केला. आत काहीतरी डचमळलं.

"टॉफी अशी हलत नाही," मी म्हणाले.

एनिडने डबा कानाशी नेला, हलवला, आणि खुर्चीत बसली. आत दूधच होतं. लेनने कागद काढून ठेवला, उकळायचं राहून गेलं. "चार वर्षं मी दुधाच्या डब्यासमोर मान लववत होते! आणि त्या म्हातारीला शब्द देऊन बसलेय." मग ती रडली, अगदी हमसून हमसून. मला फार वाईट वाटलं.

"उकळू या की," मी म्हणाले.

"किती वेळ? तो घड्याळ बघायचाच नाही. म्हणायचा, कसोटीचा खेळ सुरू झाला की चढवायचा, चहापानाला उतरवायचा. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

मी नागपूरची. वडिलांनी रेडिओ कानाला लावूनच आम्हाला वाढवलं. "अकराला सुरू, चहापान पावणेचारच्या सुमारास. आज कसोटी आहेच."

"आणि पाऊस आला तर?"

"मग चहापान लांबतं."

एनिड ताडकन उठली. "म्हणून काही वर्षी टॉफी काळी व्हायची! आणि मी त्याला म्हणायचे, डुलकी लागली असेल तुला!"

अकराला पातेलं चढलं. एनिड बागेत गेली नाही. लेनच्या स्टुलावर बसली, दर तासाला खेळाडू पाणी प्यायला थांबले की किटलीतून पाणी घालत. डबा तळाशी खडखडला की माझं मनगट धरायची. पाऊस आला नाही. चहापानाला गॅस बंद केला आणि डबा पाण्यातच रात्रभर निवू दिला. गरम डबा उघडायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी मॅविसला पहिला तुकडा दिला. टॉफी चांगली गडद उतरली होती. मॅविसने टोक मोडलं, तोंडात धरलं, डोळे मिटले. "लेनचीच गं." मग चमच्याच्या टोकाने कणाकणाने खाऊ लागली.

एनिड गप्प बसली असती तर गोष्ट निभावली असती. मी टेबलाखालून पायही लावला. पण एनिडला खोटं पचत नाही.

"मॅविस, लेनने नुसता कागद काढला होता. उकळली मी. काल."

मॅविसचा चमचा थांबला.

"म्हणजे तुला येते?"

"आता येते."

मॅविसने उरलेला तुकडा दोन घासांत संपवला आणि बशी पुढे केली. "मग घाल अजून. त्याच्या हातची शेवटची म्हणून मी मेली पुरवून पुरवून खात होते."