अठ्ठावीस नंबरच्या बॉक्समध्ये माझं घरचं नाव

आधीच सांगतो, या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मी हसायला वाचतो. पांढरी साडी, कुत्रं रडलं, मागे वळून बघितलं तर कोणी नाही... अरे लाइट लावा ना! मी सॉफ्टवेअर लिहितो, जे होतं त्याला कारण असतं, कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलं नाही. एवढंच. हे मी आजही म्हणतो, फक्त आता थोडं हळू म्हणतो.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, पण माझा जन्म सुरतचा, नवागामचा. आप्पा म्हणजे माझे वडील कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात कारीगर आहेत. चाळीस माग, पाच कारीगर, प्रत्येकाकडे आठ. आप्पांकडे पंचवीस ते बत्तीस. मी सुरतच्याच पर्वत पाटिया भागात एका छोट्या कंपनीत आहे, आणि आप्पांच्याच शेठला मी आमचं सॉफ्टवेअर विकलं. कुठला माग चालू, कुठला बंद, किती वेळा बंद पडला, सगळं शेठच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दिसतं. चाळीस चौकोन. चालू असला की हिरवा, थांबला की लाल. खाली कारीगरांची यादी, सगळ्यात कमी थांबणारा वर.

आता नीट वाचा, सगळं इथेच आहे. आधी आमच्या प्रोग्रामची फाईल वेगळी असायची आणि स्क्रीनवर दिसणारी पानं वेगळ्या फोल्डरमध्ये. तिथल्या मास्टरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, गाणी ठेवायला जागा हवी म्हणून ते फोल्डरच उडवलं! अशी माणसं. मग मी वैतागून सगळी पानं प्रोग्रामच्या पोटातच टाकली. एम्बेड म्हणतात त्याला. एकच फाईल, सगळं आत. कापड विणून झाल्यावर त्यातला एक तार बदलता येत नाही, तसंच. एक अक्षर बदलायचं तरी मला ऑफिसात बसून पूर्ण फाईल नव्याने बनवावी लागते. आणि चौकोनावरचे १ ते ४० हे नंबर त्या पानातच लिहिलेले होते, बाहेरून कुठून येत नव्हते.

लावलं त्या दिवशी शेठ म्हणाला, "आठ दिवस बघू. यादीत जो छेल्ला, त्याला रजा." छेल्ला म्हणजे शेवटचा, आणि रजा म्हणजे कायमची.

दुसऱ्याच दिवशी आप्पा शेवटचे. मी घरी जेवताना बोललो, "आप्पा, मागांशी गप्पा मारणं बंद करा ना. हात लावून पाया पडता, बोलता काय मशीनशी, येडं समजतात लोक. हात चालवा."

आप्पा शांतपणे आमच्या अहिराणीत म्हणाले, "तिले नंबर कसाले दिन्हा रे? नंबरवरी कोनी आयकस का?"

मी कपाळाला हात लावला. लोखंडाला ऐकू येतं म्हणे! छप्पन्न वर्षांचा माणूस, नोकरी जायची वेळ आली आणि हे बोलणं.

सातव्या दिवशीही आप्पाच शेवटचे. मी आकडे बदलू शकलो असतो, दोन मिनिटांचं काम. नाही बदलले. माझ्यात तेव्हा एक माज होता... डेटा म्हणजे डेटा, बाप असला म्हणून काय. आज लिहिताना लाज वाटते, पण तुम्ही नंतर 'तूच केलं असशील' म्हणाल म्हणून सांगतोय.

आठवा दिवस. सकाळी आठ, पाळी बदलायची वेळ, बाहेर चहावाला. शेठने मला मुद्दाम बोलावलेलं. मी, शेठ आणि मास्टर केबिनमध्ये. शेठने पान उघडलं आणि म्हणाला, "आ शुं छे?"

बत्तीस चौकोनांवर नंबर. आणि पंचवीस ते बत्तीसवर नावं. माझ्याच फॉन्टमध्ये, माझ्याच साइजमध्ये, मराठीत. म्हातारी. खोकली. नवरी. पिंट्या. लंगडी. मुकी. भांडखोर. मास्तरीण.

मला वाटलं कोणी तरी मस्करी केली. शेठने आप्पांना आत बोलावलं. आप्पा दारातून स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलत होते. मग चेहराच उतरला.

"हाई कोनी लिखं?"

शेठ म्हणाला, "तारा मशीन छे, तू बोल."

"शेठ, मी कोनले सांगं नही. कोनलेच नही. मन्हा मनमा म्हनस मी फक्त." आणि मग एकेक सांगायला लागले. खोकली धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, फेकताना खोकते. नवरीला मागच्या दिवाळीत रंग दिला. मुकीचा तार तुटला तरी आवाज येत नाही, नजरच ठेवावी लागते. सात सांगितले आणि पिंट्यावर येऊन थांबले.

मास्टर मध्येच बोलला, "शेठ, ये आठों भंगार हैं. दूसरा कारीगर इन पे एक पाली नहीं टिकता. मैं तो कब से बोल रहा हूँ." कब से म्हणे! सात दिवस गप्प होता हा गाणीवाला.

शेठ ऐकतच नव्हता. हात जोडून स्क्रीनसमोर उभा. "मशीन पोते बोले छे... आने कोईए हाथ नथी लगाडवानो! यादी-बादी बंद." म्हणजे मशीन स्वतः बोलली, आता तिला कोणी हात लावायचा नाही! दुपारपर्यंत मॉनिटरला हार. अगरबत्ती सीपीयूच्या फॅनपाशी लावली, गाढवाने.

रजा कोणालाच नाही मिळाली.

आता कमेंटमधल्या हुशारांसाठी. कॅशे कॅशे करू नका, म्हणजे जुनं साठवलेलं पान दिसलं असेल म्हणू नका, मी तिथल्याच वायफायवर तीन वेगळ्या मोबाइलवर उघडून बघितलं, नावंच. फाईल कोणी बदलली? फाईलचा हॅश काढला, म्हणजे तिचा अंगठा समजा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तो बदलतो. कडोदऱ्याच्या फाईलचा आणि ऑफिसातल्या माझ्या फाईलचा हॅश सेम. मग ती कडोदऱ्याची फाईल मी पेनड्राइव्हवर घेऊन ऑफिसात चालवली. नंबर दिसले. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. तीच फाईल! आणि ती नावं तर कधी कुठे लिहिलेलीच नव्हती.

पिंट्या म्हणजे मी. कारखान्यात हे कोणालाच माहीत नाही, तिथे मी इंजिनियरबाबू. संध्याकाळी बसमध्ये विचारलं, "आप्पा, अठ्ठावीसच का? तो तर सगळ्यात जास्त बंद पडतो."

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हां. म्हनीसन त्यालेच सर्वात जास्त येळ देना पडस."



आता माझ्या कंपनीचे सर मागे लागलेत. नवीन व्हर्जन तयार आहे, कडोदऱ्याला जाऊन टाक म्हणतात. टाकलं की चाळीसच्या चाळीस नंबर येणार, खाली यादी येणार, शेठची भीती दोन दिवसांत उतरणार. मी चार वेळा ताप आल्याचं सांगितलंय. भूत मी अजूनही मानत नाही, आणि तुमच्या साडीवाल्या बायकांवर तर आजही हसतो. पण कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. खरं सांगू? शोधणंही सोडलंय मी. बग सापडला की तो काढावा लागतो... आणि हा काढला, की आप्पा घरी.